हिवाळ्यात डोंगरी नदीवर ट्राउट गरवणे: तापमान, जागा आणि पथ्यं

नदीवेडा

थंडी पडली की ट्राउट तोंड उघडत नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. मला ते मान्य नाही. मासा हिवाळ्यातही खातो. खाण्यासाठी किती हलायचं याचा त्याचा हिशोब मात्र पार बदलतो, आणि तो हिशोब पाण्याच्या तापमानावर चालतो. म्हणून माझ्या मते हिवाळ्यात फ्लायच्या, म्हणजे पिसं-दोऱ्याने गळावर बांधलेल्या नकली किड्यांच्या, डबीपेक्षा खिशातला थर्मामीटर जास्त कामाचा. या धाग्यात त्यावरच लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी.

ट्राउट थंड रक्ताचा. पाणी जितकं थंड, तितकं त्याचं पचन मंद. ब्राउन ट्राउटची वाढ सर्वांत जोमाने होते ती १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ४ अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते. पोटात गेलेली अळी पचायला उन्हाळ्याच्या कित्येक पट वेळ लागतो. अशा वेळी जोरदार धारेत उभं राहून शेपूट मारत बसणं माशाला परवडत नाही, कारण तिथे जितकं मिळेल त्याहून जास्त खर्ची पडेल.

धारेत उभं राहण्याचं एक कारणही हिवाळ्यात नाहीसं होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर शून्य अंशाला साडेचौदा मिलिग्रॅमच्या वर (आकडे समुद्रसपाटीचे, उंचीवर दोन्ही कमी होतात). म्हणजे उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी खळाळाजवळ यावं लागणारा मासा हिवाळ्यात कुठेही श्वास घेऊ शकतो. तो मग खोल, संथ पाणी निवडतो. खळाळ संपून डोह सुरू होतो तिथली उतरण, डोहाच्या मधला खोल पट्टा, काठ आतून कोरला गेलेली जागा, मोठ्या धोंड्यांमागचं थांबलेलं पाणी. आपण रमतगमत चालतो त्याहून पाण्याचा वेग कमी आणि खोली निदान कमरेएवढी, अशी जागा दिसली की मी तिथेच वेळ घालवतो. उथळ खळाळ सरळ सोडून देतो.

वेळेचं म्हणाल तर पहाटे उठून पळायची गरज नाही. साधारण अकरा ते तीन. पाणी तीनवरून साडेचार अंशांवर आलं, तरी तेवढ्या फरकाने मासे हलू लागतात. आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे जास्त महत्त्वाचं. थर्मामीटर सावलीत, वाहत्या पाण्यात दोन मिनिटं धरायचा आणि दर तासाला पुन्हा बघायचं.

डोहकाठ

सुरेख धागा. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे ते तळाला बसतं आणि डोहाचा तळ वरच्यापेक्षा उबदार राहतो. मासे हिवाळ्यात तळाशी जातात ते त्या उबेसाठी, असं वाचलं आहे.

नदीवेडा

डोहकाठ, हे तळ्यांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. तिथे वर बर्फ आणि खाली ४ अंशांचं पाणी असा थर लागतो. वाहत्या डोंगरी नदीत मात्र तो लागत नाही. पाणी दगडांवर आपटत, घुसळत येतं, त्यामुळे डोहाच्या वरचं आणि तळाचं तापमान सहसा सारखंच असतं. दोरीला थर्मामीटर बांधून तळाशी सोडा, लगेच कळेल.

मासा तळाशी जातो तो वेगासाठी. गोट्यांशी घासून तळालगतचं पाणी मंदावतं, वर धार पळत असली तरी. त्या संथ थरात पडून राहायचं आणि वरून वाहत येणारं काही तोंडाशी आलं तरच मान वळवायची. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं तंत्र यावर उभं आहे: निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी, बुडणारी फ्लाय) त्या तळाच्या थरातून, त्याच मंद गतीने गेला पाहिजे. माशापासून दोन हात वरून गेलेला निम्फ हिवाळ्यात वाया गेला समजा.

खरी ऊब हवी असेल तर झरे शोधा. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते नदीपेक्षा उबदार राहतं. खुणा सोप्या आहेत. सगळीकडे काठाला बर्फ आणि एकाच जागी मोकळं पाणी, काठावर हिरवंगार शेवाळ, गोठलेल्या सकाळी एका पट्ट्यावरूनच उठणारी वाफ. अशा जागेच्या खालचा पहिला डोह कधीही सोडू नका.

गळकरी

नदीवेडा, तुमचं 'अकरा ते तीन' बहुतेक दिवशी खरं आहे, पण डोंगरात एक मोठा अपवाद आहे आणि नव्या माणसाची तिथे हमखास फसगत होते. बर्फ पडून गेल्यावर एखादा दिवस लख्ख उन्हाचा, उबदार निघतो. अंगावरचं जाकीट काढावंसं वाटतं. वाटतं, आज मासा नक्की चालणार. होतं उलटंच. उन्हाने काठावरचा आणि उतारावरचा बर्फ वितळतो आणि ते शून्य अंशाचं पाणी दुपारी नदीत उतरतं. हवा तापत जाते आणि नदी गार होत जाते. अशा दिवशी सकाळी उशिराचा तासभरच काय तो चांगला. ढगाळ पण उबदार, बर्फ न वितळवणारा दिवस त्यापेक्षा कितीतरी बरा.

दुसरं म्हणजे दरीची दिशा. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या खोल घळीत हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की दक्षिणेकडचा डोंगर दिवसभर नदीवर सावली धरतो (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा). उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या टप्प्यात निदान मध्यान्हीचं ऊन पाण्यापर्यंत पोचतं. नकाशा बघून आदल्या दिवशीच टप्पा ठरवावा.

धरणाखालच्या नद्यांचा हिशोब वेगळा. खोल जलाशयाच्या तळातून सोडलेलं पाणी भर हिवाळ्यात ४ अंशांच्या आसपास येतं, म्हणून धरणाखालचा काही अंतराचा पट्टा गोठत नाही. पण तिथे पाणी कधी सोडतील त्याची वेळ माहीत असल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

चांदणी_रात्र

मी नवीन आहे, दोन शंका.

१. हिवाळ्यात किडे नसतातच, मग मासा खातो काय? आणि फ्लाय कुठली?
२. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतं आणि दोरी अडकते, त्यावर काय करायचं?

नदीवेडा

चांदणी_रात्र, किडे असतात, फक्त बारीक असतात. कायरोनोमिड म्हणजे डास-चिलटांसारखे दिसणारे, न चावणारे किडे. यांच्या अळ्या आणि कोष वर्षभर तळातून सुटून पाण्यात येत राहतात, आणि हिवाळ्यात माशाच्या पोटात मोठा वाटा त्यांचाच असतो. त्यासाठी १८ ते २२ नंबरचे बारीक गळ, काळे, तांबूस किंवा राखाडी. वर एखादा मणी, बाकी अंगावर जवळजवळ काही नाही.

दुसरे म्हणजे छोटे काळे स्टोनफ्लाय. त्यांच्या काही जाती भर थंडीत पाण्याबाहेर येतात आणि चक्क बर्फावर चालताना दिसतात. काठच्या बर्फावर ते दिसले तर १६ नंबरचा काळा निम्फ काठालगत चालवून बघा. हिवाळा सरत आला की ढगाळ दुपारी बेटिस जातीच्या मेफ्लाय निघतात. तेव्हा डोहाच्या शेपटीला, म्हणजे खालच्या टोकाला, संथ पाण्यात मासा पृष्ठभागावर येऊनही खातो. अर्धा-एक तास, कधी तेवढाही नाही, पण तो सुखाचा.

मी शक्यतो दोन निम्फ बांधतो. खाली वजनदार, मण्याचा, तळ गाठणारा. त्याच्या वर हातभर अंतरावर बारीक कोष. हिवाळ्यात पाणी काचेसारखं नितळ आणि कमी असतं, म्हणून टिपेट (फ्लायला बांधलेली शेवटची बारीक दोरी) ५एक्स किंवा ६एक्स, म्हणजे साधारण ०.१५ ते ०.१३ मिलिमीटर, शक्यतो फ्लुओरोकार्बन. चावा म्हणाल तर झटका येत नाही. दोरी किंचित थांबते, इंडिकेटर (दोरीवरची छोटी तरंगती खूण) जरा रेंगाळतो, एवढंच. दगडाला अडकल्यासारखं वाटलं तरी हलकेच रॉड उचला. आणि एका डोहावर धीर धरा. उन्हाळ्यात तीनदा टाकून पुढे जाता तसं इथे चालत नाही. मासा बाजूला सरकून घ्यायला येणार नाही, त्यामुळे हातभर-हातभर अंतराने सगळा तळ विंचरून काढावा लागतो.

तुषारकण

कड्यांतल्या बर्फाबद्दल: दोरी आत ओढली की तिच्यावरचं पाणी कड्यांपाशी निथळतं आणि गोठतं. म्हणजे दोरी जितकी कमी ओढाल, तितकं बर्फ कमी. म्हणून हिवाळ्यात ठरावीक लांबीची दोरी बाहेर ठेवून निम्फ चालवणं सोयीचं. लांब लीडर (मुख्य दोरी आणि फ्लाय यांमधली पारदर्शक दोरी), रॉड उंच, सगळी दोरी पाण्याच्या वर. बर्फ धरलंच तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून हलवा, नदीचं पाणी बर्फापेक्षा गरम असतं. बोटाने किंवा दाताने कडं मोकळं करायला जाऊ नका, आतली रिंग निखळते आणि टोक मोडतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कडाक्याच्या थंडीत टेंकारा रॉडला तोड नाही. ही जपानी डोंगरी ओढ्यांवरची पद्धत. रीळ नाही, कडी नाहीत, दोरी थेट टोकाला बांधलेली. गोठायला काही शिल्लकच राहत नाही. छोट्या, अरुंद नदीवर मी हिवाळ्यात दुसरं काही नेत नाही.

गळकरी

टेंकाराला अनुमोदन, पण मोठ्या डोहांत नाही. पलीकडच्या काठाखाली मोठा ब्राउन पडून असेल तर तिथवर पोचायला रीळच लागतं. आणि मोठ्या माशासाठी मी निम्फपेक्षा स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय, पसंत करतो. इंचइंच ओढायचा, मध्ये पूर्ण थांबू द्यायचा. मोठ्या ट्राउटला एक छोटा मासा म्हणजे शेकडो चिलटांचं जेवण एका घासात, तेवढ्यासाठी तो हलतो.

नदीवेडा

गळकरी, स्ट्रीमरने मोठा मासा लागतो हे खरं, पण ३-४ अंशांच्या पाण्यात मी तरी निम्फवरच राहीन. ६ अंशांच्या वर गेलं की तुमचं पटतं.

रानपाखरू

मी थोडं वेगळं बोलणार आहे, गोड मानून घ्या. मासा शक्ती वाचवत कसाबसा हिवाळा काढतो, हे तुम्हीच वर लिहिलं आहे. मग त्याच वेळी त्याला गळाला लावून दमवायचं, हे बरोबर आहे का? शिवाय ब्राउन ट्राउटची वीण शरद ऋतूच्या अखेरीस ते हिवाळ्याच्या सुरुवातीला होते. अंडी गोट्यांखाली असताना आपण तिथून बूट घालून चालत जातो. मी हिवाळ्यात रॉड घरी ठेवते आणि नुसती नदी बघायला जाते. सगळ्यांनी तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

नदीवेडा

रानपाखरू, तुम्ही हा मुद्दा काढलात ते फार बरं झालं. अंड्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे, आणि ते सविस्तर लिहायलाच हवं.

मादी डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी उथळ होत गोट्यांमधून खाली झिरपतं, तिथे शेपटीने खड्डा करते, अंडी घालते आणि वरून खडी ढकलते. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट आणि मधला एक लांबट पट्टा धुतल्यासारखा उजळ दिसतो. तीच घरट्याची खूण. थंडीत अंड्यांची वाढ फार सावकाश होते. १० अंशांच्या पाण्यात साधारण सहा आठवड्यांत फुटणारं अंडं ५ अंशांत त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेतं. फुटल्यावरही पिल्लं पोटाशी बलकाची पिशवी घेऊन कित्येक आठवडे खडीतच राहतात. म्हणजे वीण संपली तरी वसंतापर्यंत तो पट्टा जिवंत असतो. वरून उजळपणा जाऊन पुन्हा शेवाळ धरलं, तरी खाली पिल्लं असू शकतात.

१९९२ साली मोंटानात रॉबर्ट्स आणि व्हाइट यांनी यावर प्रयोग केले. अशा कृत्रिम घरट्यांवरून माणूस रोज दोनदा चालला तर ८३ ते ९६ टक्के अंडी-पिल्लं मेली, आणि अंडी फुटण्याच्या जरा आधी एकदाच चालला तरी ४३ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे माझं पथ्य असं: हिवाळ्यात डोहाच्या शेपटीतून आणि बारीक खडीच्या उथळ पट्ट्यातून पाय घालायचाच नाही. काठावरून जायचं, ओलांडायचंच असेल तर मोठ्या धोंड्यांच्या जागी. घरट्यावर उभ्या असलेल्या माशाला गळ टाकायचा नाही, आणि घरट्याच्या खाली उभं राहून गाबोळीसारखी दिसणारी फ्लायही चालवायची नाही. बऱ्याच ठिकाणी या काळात गरवायला कायद्यानेच बंदी असते, तिथे तर प्रश्नच मिटला. नियम बघितल्याशिवाय निघूच नये.

गळाला लावण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. सोडून दिलेला ट्राउट मरण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती उन्हाळ्यात, पाणी २० अंशांच्या वर गेल्यावर. थंड पाण्यात तो बहुतेक वेळा सावरतो, मात्र त्याला हवेत काढलं नाही तर. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनीही १९९२ सालीच रेनबो ट्राउटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पूर्ण दमवून तसेच पाण्यात ठेवलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२ टक्के. हिवाळ्यात त्यात भर म्हणजे शून्याखालच्या हवेत कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे गोठू शकतात. म्हणून काटा दाबलेला गळ, रबरी जाळं, मासा पाण्यातच, चिमटीने गळ मोकळा. फोटोसाठी उचलायचा नाही.

अवांतर: अंडी थंडीत सावकाश वाढतात याच गुणामुळे ट्राउट जगभर पसरला. १८६४ साली इंग्लंडहून नॉरफोक नावाच्या जहाजातून ट्राउटची अंडी शेवाळात ठेवून, बर्फाच्या खोलीत, विषुववृत्त ओलांडून टास्मानियाला पोचली आणि तिथे फुटली. बर्फाने त्यांची वाढ रोखून धरली नसती तर ती वाटेतच फुटून गेली असती.

रानपाखरू

सविस्तर उत्तराबद्दल आभार. खडीतून पाय न घालण्याचं पथ्य सगळ्यांनी पाळलं तरी पुष्कळ झालं. हिवाळ्यात रॉड घरी ठेवण्याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

आणखी एक: माशाला हात लावायचाच असेल तर हातमोजा काढून, हात ओला करून. लोकरी किंवा कोरड्या मोज्याने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि मग बुरशी धरते.

सह्यकडा

सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण इथे चुकीला क्षमा नाही. गार पाण्यात पडल्यावर काय होतं याचा कॅनडाच्या गॉर्डन गिसब्रेख्त यांनी आयुष्यभर अभ्यास केला आहे. त्यांचा १-१०-१ हा ठोकताळा पाठच करा. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, तेव्हा धडपड न करता तोंड पाण्यावर ठेवायचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर यायचं. शरीर थंड पडून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधी हातपाय निकामी होऊन बुडतो.

म्हणून वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटचा) कमरपट्टा आवळलेलाच हवा, म्हणजे पडल्यावर आत पाणी चटकन भरत नाही. हातात काठी. कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड जलरोधक पिशवीत, गाडीत नव्हे तर पाठीवर. सुती काहीही अंगात नको, भिजलं की ते ऊब धरत नाही. पायात दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा ठेवा.

काठाच्या बर्फाच्या छज्जावर कधीही उभं राहू नका. खालून नदीने तो पोखरलेला असतो. आणि ज्या डोहाच्या खालच्या अंगाला अखंड बर्फ आहे, त्यात उतरूच नका. पाय सुटला तर धार थेट बर्फाखाली नेते.

तुषारकण

बुटांबद्दल एक. फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचा) तळवा ओल्या दगडावर छान धरतो, पण बर्फात चाललात की त्याला बर्फाचे गोळे चिकटतात आणि पाय मुरगळतो. रबरी तळव्याला धातूचे खिळे लावलेले बरे. फेल्ट लवकर वाळतही नाही, त्यातून डिडिमोसारखं शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. याच कारणाने न्यूझीलंडने २००८ मध्ये फेल्टवर बंदी घातली. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी बूट धुवा आणि पूर्ण वाळवा.

चांदणी_रात्र

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटची शंका: सकाळी नदीत बर्फाचा लगदा वाहत असतो, कधी तळाच्या दगडांनाही बर्फ चिकटलेलं दिसतं. तेव्हा टाकून काही उपयोग असतो का?

गळकरी

नाही. निरभ्र, कडक थंडीच्या रात्री घुसळणारं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं आणि त्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात. तोच लगदा. ते कण तळाच्या गोट्यांना चिकटतात, आणि ऊन आलं की तिथून सुटून खडी आणि अळ्यांसकट वर येतात. तोवर दोरीही नीट वाहत नाही आणि मासाही हैराण असतो, बऱ्याचदा जागा सोडून लगदा नसलेल्या पाण्याकडे सरकतो.

नदीवर पोचल्यावर लगदा दिसला तर सामान जोडू नका. वर चालत जाऊन झऱ्याचं मोकळं पाणी कुठे आहे ते शोधा. तिथला टप्पा स्वच्छ असेल तर तिथेच काठावरून सुरुवात करा. नाहीतर नदी मोकळी होऊन थर्मामीटर निदान एक अंश चढेपर्यंत थांबा, आणि दुपारपर्यंत चढला नाही तर त्या दिवशी गळ टाकू नका.